ओटीपी मुंबईला जातो

त्या दिवशी आमच्या गावच्या सेवा केंद्रात सव्वीस बायका बसलेल्या. केंद्र माझा मावसभाऊ चालवतो, गर्दी असली की मी मदतीला जाते. कुठल्याशा योजनेचं ई-केवायसी चाललं होतं. खालच्या वाडीतली एक काकी सकाळची भाकरी उरकून साडेआठलाच येऊन बसलेली. तिचा आधार नंबर टाकला, खालची वेडीवाकडी अक्षरं टाकली, स्क्रीनवर आलं की ओटीपी पाठवला आहे, आणि तो ओटीपी गेला मुंबईला. कारण आधारला नंबर तिच्या मुलाचा जोडलेला. मुलगा मुंबईजवळ दिव्याला राहतो, ज्या कंपनीत कामाला आहे तिथे फोन गेटवर ठेवून आत जावं लागतं, तो हातात येतो दुपारी एकला, जेवायच्या सुट्टीत. ओटीपी चालतो दहा मिनिटं. मग काकी एक वाजेपर्यंत बसून राहिली, एक वाजता आम्ही परत सगळं भरलं, मुलाने फोन करून आकडे सांगायला सुरुवात केली आणि चौथ्या आकड्याला आमच्याकडची रेंज गेली. मावसभाऊ फोन घेऊन धावत सड्यावर गेला, तिथे कातळाजवळ रेंज येते, आकडे लिहून घेतले, खाली आला तोवर दहा मिनिटं संपलेली. काकी चिडली नाही. मला एवढंच म्हणाली, "बाय, ह्यो नंबर माज्याच फोनवर का नाय येत?"

आमच्याकडे नंबर बदलायचा नेहमीचा मार्ग म्हणजे आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा, केंद्र तालुक्याला, आणि वाडीवरून एसटी दिवसाला दोन, हे सगळं मी तिला सांगितलं, पण तिच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर नव्हतं हे मला सांगतानाच कळत होतं. खरं उत्तर असं की कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं, माणूस खरा आहे का हे तपासायचं तर त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडे पाठवायचे, आणि ठरवताना धरून चाललं की प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाइल असतो, तो त्याच्या हातात असतो आणि तो जिथे असतो तिथे रेंज असते. आमच्याकडे अर्ध्या घरांत यातलं एकही खरं नाही. हा मशीनचा दोष नाहीये, नियम करताना काय धरलं याचा दोष आहे. आणि ते धरलं जात असताना "अहो, कोकणातल्या आईचा नंबर मुंबईच्या पोराकडे असतो" एवढं एक वाक्य बोलायला कुणी नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. इंटरनेटचे नियम वाचणं, ते साध्या भाषेत लोकांना सांगणं आणि लोकांचं म्हणणं घेऊन नियम करणाऱ्यांशी भांडणं, हे मराठीत कुणाचं तरी पूर्ण वेळचं, पगाराचं काम झालं पाहिजे. हौस म्हणून चालणार नाही, रविवारच्या पुरवणीतला कोपरा म्हणूनही चालणार नाही. आणि ते करणारी माणसं फक्त मुंबई-पुण्यात नकोत, रत्नागिरीला, मालवणला, श्रीवर्धनलाही बसलेली पाहिजेत.

असं करिअर असतं तरी का, हा प्रश्न मला घरातूनच खूप वेळा आलाय. असतं. इंग्रजीत आहे. निखिल पाहवा या पत्रकाराने २००८ साली मीडियानामा नावाची वेबसाइट सुरू केली, भारतातल्या डिजिटल धंद्यावर आणि धोरणावर लिहायला, तेव्हा आपल्याकडे साध्या फोनवर नेट म्हणजे टूजी होतं आणि हा विषय कुणाच्या घरात निघत नव्हता. सात वर्षं अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयावर रोज लिहीत राहिल्यावर २०१५ उजाडलं आणि त्या लिहिण्याचा उपयोग काय ते सगळ्या देशाला दिसलं. झालं असं की डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने नेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं ठरवलं, लोक ओरडल्यावर मागे घेतलं. मग २७ मार्च २०१५ ला ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, लोकांची मतं मागवणारा एक कन्सल्टेशन पेपर काढला, ११८ पानांचा, २० प्रश्न, आणि त्यात विचारलं की व्हॉट्सॲपसारख्या सेवांना लायसन्स लावावं का, कंपन्यांना वेगवेगळ्या ॲपला वेगवेगळे दर लावू द्यावेत का. उत्तरं द्यायची मुदत २४ एप्रिल. ही ११८ पानं कोण वाचणार? वाचली, पाहवांनी आणि त्यांच्यासारख्या काही वकील, प्रोग्रॅमर, पत्रकारांनी मिळून वाचली, त्याचा अर्थ काय ते सोप्या भाषेत मांडलं, २० प्रश्नांची उत्तरं तयार करून लोकांपुढे ठेवली, सेव्ह द इंटरनेट नावाने मोहीम चालवली, आणि मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. एका सरकारी पेपरला. मला अजून त्याचं कौतुक वाटतं, कारण ते दहा लाख लोक काही दूरसंचार शिकलेले नव्हते, त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगितलं होतं.

या सगळ्या भांडणाचं नाव नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे नेटवर तुम्ही काय बघता त्यावरून कंपनीने भेदभाव करायचा नाही, पण हे नाव काढलं की आमच्याकडे लोक मान हलवतात आणि विषय बदलतात. म्हणून मी दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीचं सांगते. गाडी घेऊन चढलात की बाईकला एवढे, कारला एवढे, टेम्पोला एवढे, तिकीट फाडलं की संपलं. टेम्पोत कुणाच्या बागेतला आंबा आहे हे बोटवाला बघत नाही. आता समजा उद्या एका मोठ्या व्यापाऱ्याने बोटवाल्याशी ठरवून घेतलं की माझ्या पेट्या फुकट न्यायच्या, तिकीट मी भरीन. ऐकायला छान, कुणाचं तरी फुकट होतंय ना. पण ज्याची तीनशे कलमांची बाग आहे त्याने काय करायचं? त्याचा आंबा तेवढाच गोड असला तरी पैलतीरावर तो महाग होऊन उतरणार, दोन सीझन तो टिकेल, तिसऱ्याला त्याच व्यापाऱ्याच्या दारात पेट्या घालील. फेसबुकचं फ्री बेसिक्स हे असंच होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये इंटरनेट डॉट ऑर्ग नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ते भारतात आलं, सप्टेंबरमध्ये नाव बदललं, ठरलेल्या काही साइट फुकट आणि बाकीचं इंटरनेट पैसे भरून. गरिबांना फुकट नेट मिळतंय त्याला विरोध का करता असं त्यांचं म्हणणं, पेपरात पानभर जाहिराती होत्या, झुकरबर्गनी स्वतः टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. समोर मूठभर माणसं, जाहिरातीला पैसा नाही, फक्त वर्षानुवर्षं केलेला अभ्यास आणि सांगायची हातोटी. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला की काय बघता त्यावरून डेटाचे वेगळे दर लावता येणार नाहीत, लावले तर दिवसाला ५० हजार दंड, कमाल ५० लाख. आज आमच्या इथला बागायतदार इन्स्टाग्रामवर पेटीचा फोटो टाकतो, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो, पुण्याला थेट पाठवतो, आणि कुणाची साइट फुकट आणि कुणाची विकत ही भीती त्याला नाही, ती नसण्याचं कारण हा नियम. त्याला हे माहीत नाही. त्याला मराठीत हे कुणी सांगितलंच नाही.

मी तेव्हा एका स्थानिक पेपरात टेक्नॉलॉजीचं सदर लिहायचे. म्हणजे पंधरा हजारांच्या आतले फोन, बॅटरी कशी वाचवायची, असलं. एप्रिल २०१५ मध्ये मी नेट न्यूट्रॅलिटीवर लेख दिला, फेरीबोटीचं उदाहरण तेव्हाचंच आहे, तर तो छापला नाही. वाचकाला झेपेल असं द्या, असं सांगितलं. त्या जागी चांगल्या कॅमेऱ्याच्या पाच फोनची यादी गेली, ती पण माझ्याकडूनच लिहून घेतलेली. मला त्याचा राग तेव्हा आला त्यापेक्षा आता जास्त येतो. आमचा वाचक जमिनीचा सातबारा वाचतो, कुळकायद्यावर दोन तास बोलतो, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांत, भरतीची रेषा कुठून धरतात ते जेटीवरचा तांडेल तुम्हाला आखून दाखवेल. ज्याचा स्वतःच्या पोटाशी संबंध आहे तो कायदा माणसाला समजतो. इंटरनेटचा कायदा आपल्या पोटाशी येऊन भिडलाय हे त्याला सांगायचं काम आपण केलं नाही आणि दोष त्याच्या आकलनाला दिला.

आणि हे सगळं दूर कुठेतरी दिल्लीत होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. लावलेल्या कलमांत एक होतं आयटी कायद्याचं ६६अ, जे २००८ च्या दुरुस्तीत संसदेत फारशी चर्चा न होता आलं होतं. त्या कलमाचे शब्द इतके सैल होते की कुणालाही 'त्रासदायक' वाटेल ते लिहिलं की तीन वर्षांपर्यंत कैद. या अटकेनंतर श्रेया सिंघल नावाची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ६६अ पूर्ण रद्द केलं. तारीख बघा, ट्रायच्या त्या पेपरच्या तीनच दिवस आधी. भारतातला ऑनलाइन बोलण्याच्या स्वातंत्र्याचा सगळ्यात मोठा निकाल उत्तर कोकणातल्या दोन मुलींच्या फोनवरून सुरू झाला. कायदा शिकवणारे त्याला श्रेया सिंघल केस म्हणतात, बरोबरच आहे, पण आपल्या कॉलेजांत, पालघर ते वेंगुर्ला, हा निकाल आपल्या किनाऱ्याची गोष्ट म्हणून किती ठिकाणी सांगितला जातो? रद्द झाल्यावरही पोलीस ६६अ लावतच राहिले, इतके की सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये त्यावर धक्का बसल्याचं म्हटलं आणि २०२२ मध्ये परत आदेश दिला की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. म्हणजे सात वर्षं रद्द झालेल्या कलमाखाली लोक कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. हे कलम आता नाहीये हो, असं पोलीस ठाण्यात ठामपणे सांगणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असता तर?

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे, ताई, आधी रेंज तर द्या, धोरणाचं मग बघू. मला हे पटतं आणि पटत नाही पण. पटतं कारण मी निसर्ग वादळ बघितलंय. ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ ते जमिनीवर आलं, पुढचे कित्येक दिवस दापोली, मंडणगड, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात वीज नाही, फोन नाही, वर लॉकडाऊन. माझ्या आत्येचं घर त्या पट्ट्यात. मुंबईत तिचा मुलगा रडकुंडीला आलेला, आई जिवंत आहे एवढं कळायला त्याला सहा दिवस लागले आणि तेही एक दूधवाला बाईकवरून जाऊन बघून आला तेव्हा. त्यांच्या वाडीमागचा टॉवर पडला नव्हता. उभा होता. वीज नव्हती आणि जनरेटरचं डिझेल संपलेलं, म्हणून बंद होता.

पण आता विचार करा, टॉवरला किती तासांचं बॅकअप असावं, कुठल्या गावात टॉवर बसावा, न परवडणाऱ्या गावात टॉवर बसवायचा खर्च कोण देणार, हे सगळं म्हणजे धोरणच की. खेड्यात फोन पोचवायचा म्हणून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून, म्हणजे त्याचा जो हिशेब धरतात त्याच्या पाच टक्के, एका वेगळ्या निधीसाठी घेतले जातात, २००२ पासून. पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर डिजिटल भारत निधी म्हणतात. आपण जो रिचार्ज मारतो त्याच पैशातून हे जातं. ब्रॉडबँड म्हणजे किती स्पीड, याची पण सरकारी व्याख्या आहे, जानेवारी २०२३ पर्यंत ती ५१२ केबीपीएस होती, आता दोन एमबीपीएस आहे. रेंज द्या म्हणून ग्रामसभेत ठराव करून आमदारांना निवेदन देणं आपण करतोच, फोटो पण येतात, पण त्या निवेदनात या निधीचं नाव नसतं, या व्याख्येचं नाव नसतं, कारण निवेदन लिहिणाऱ्याला ते सांगणारं कुणी नाही. रेंज आधी आणि धोरण नंतर असा क्रम लावता येत नाही. रेंज धोरणातूनच येते.

पैशाचं मात्र खरंच अवघड आहे आणि ते झाकून उपयोग नाही. फोनचे रिव्ह्यू करणाऱ्याला कंपनी फोन पाठवते, जाहिरात देते. मला एकदा एका कंपनीने फोन पाठवला आणि लेख छापायच्या आधी दाखवा म्हणाले, मी फोन परत कुरियर केला, त्यानंतर त्यांचं काही आलं नाही, आणि त्या महिन्यात ते पैसे नसणं मला जाणवलं. नियमांवर लिहिणाऱ्याला तर कोण पाठवणार? ज्या कंपनीबद्दल लिहायचं तीच कंपनी परिसंवादाची प्रायोजक असते, हॉटेल तिचं, विमानाचं तिकीट तिचं. म्हणून हा पैसा वाचकाकडूनच यायला हवा असं माझं ठाम मत आहे. थोडाथोडा, पण नियमित. मुंबईतली आमची ग्रामस्थ मंडळं शिमग्याला, देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखांनी वर्गणी जमवतात, पावती फाडतात, हिशेब गणपतीत वाचून दाखवतात. ही पद्धत आपल्याला येते. एका तालुक्याच्या मंडळांनी मिळून असा एक लिहिणारा तीन वर्षं पोसायचा ठरवलं तर तो पोसला जाईल. अट एकच, हिशेब उघडा ठेवायचा, त्याचा पण आणि तुमचा पण. जाहिरातीवर चालणाऱ्याला पण वाईट म्हणत नाही मी, पण माझ्या काकीच्या ओटीपीसाठी भांडायला कुठलीही जाहिरात पैसे देणार नाही.

काही जण म्हणतात आता भाषांतर मशीन करतं, इंग्रजीतलं टाका, मराठी बाहेर येतं. शब्द येतात बाहेर, खरंय. बाळशास्त्री जांभेकर आमच्या इकडचे, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी दर्पण काढलं तेव्हा एका पानावर दोन रकाने होते, एक इंग्रजी, एक मराठी. तेव्हा सरकारची भाषा इंग्रजी आणि लोकांची मराठी, आणि दोन्ही येणारा माणूस मध्ये उभा राहिला. पण तो मध्ये उभा राहणारा इकडचा होता, पोंभुर्ल्याची माणसं कशी बोलतात, कशाला घाबरतात, त्याला ठाऊक होतं. कुठला नियम कुणाच्या घरात शिरणार हे ओळखायला ती माणसं आधी ओळखीची असावी लागतात.

आत्ताचंच उदाहरण घ्या. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपायचा कायदा, ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, सूचना पाठवायची मुदत १८ फेब्रुवारी, नंतर ५ मार्चपर्यंत वाढवली. ट्राय तरी आलेल्या सूचना सगळ्यांना बघायला ठेवतं, इथे आधीच सांगितलेलं की कुणी काय पाठवलं ते जाहीर होणार नाही. म्हणजे मोठ्या कंपन्यांनी काय मागितलं ते आपल्याला कळणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत. या कायद्यात एक गोष्ट मला मनापासून आवडते, तुमची माहिती घेताना जी सूचना द्यायची ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीत मागायचा तुमचा हक्क आहे. आणि एक गोष्ट फार बोचते, याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ला हात घातला, वैयक्तिक माहिती म्हटली की नाकारायचं आता जास्त सोपं झालं, आणि ग्रामपंचायतीत घरकुलाची यादी मागणाऱ्याला ते आज ना उद्या भोवणार. या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत आणि आमच्या तालुक्यात मला भेटलेल्या कुणालाही दोन्हीतली एकही माहीत नव्हती.

म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना एका दुपारी जमवलं. अकरा जण आले. मी पहिला प्रश्न विचारला की पाहुण्यांची आधार कार्डं कुठे ठेवता. सगळ्यांचं उत्तर एकच, व्हॉट्सॲपवर मागवतो. एका वहिनींनी फोन उघडून दाखवला, गॅलरीत वर सरकवत राहिल्या, मुलाच्या वाढदिवसाचे फोटो, मोदकाचे फोटो, आणि मध्ये मध्ये अनोळखी माणसांची आधार कार्डं, पुढची बाजू, मागची बाजू, चार वर्षांची. तो फोन त्यांची मुलगी गेम खेळायला घेते. मी सांगितलं की या कायद्याच्या नजरेत तुम्ही पाहुण्यांची माहिती सांभाळणारे आहात, फेसबुक जसं आहे तसेच, सांभाळण्यात हयगय झाली तर कायद्यात दंडाची वरची मर्यादा अडीचशे कोटी आहे, छोट्यांना काही बाबतीत सूट द्यायचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवलाय. खोलीत एकदम शांत झालं. घाबरवायचं नव्हतं मला, म्हणून लगेच पुढचं सांगितलं, की काम झाल्यावर ज्याची गरज नाही ते पुसून टाकायचं, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो. तेव्हा त्याच वहिनींनी विचारलं, "पण पोलिसांनी रजिस्टर मागितलं तर मग दाखवू काय?" फार चांगला प्रश्न. दुसऱ्या कुठल्या कायद्याने नोंद ठेवणं भाग असेल तर तेवढी ठेवायला हा कायदा आडवा येत नाही, म्हणजे वहीतलं नाव-पत्ता राहू दे, गॅलरीतले फोटो जाऊ देत.

मग आम्ही तिथेच बसून मराठीत अर्ध्या पानाची एक सूचना लिहिली. आधार कशासाठी मागतो, कोण बघतो, किती दिवस ठेवतो, पुसायला सांगायचं तर कुणाला फोन करायचा. 'संमती' शब्द राहू दे की 'परवानगी' लिहू यावर पंधरा मिनिटं गेली, परवानगी जिंकली. मावसभावाकडे झेरॉक्स काढल्या, बाहेर व्हरांड्यात पाऊस होता म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. वहिनी जाताना म्हणाल्या की गरम पाण्याच्या वेळेची पाटी आहे ना, तिच्या खाली लावते, तिथे सगळे वाचतात.